शोभिवंत माशांवरील परोपजीवी रोग : एकदा गेलेला रोग पुन्हा का येतो?



संत्रा, कापूस आणि सोयाबीनच्या जोडीला काहीतरी पूरक उत्पन्न असावे, या विचाराने नागपूर परिसरातील काही कुटुंबांनी परसात सिमेंटच्या टाक्या बांधून गोल्डफिश, कोई, गप्पी, मोली यांसारखे शोभिवंत मासे वाढविण्यास सुरुवात केली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकासाठी ३ लाख रुपये खर्च गृहीत धरून सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. त्यामुळे महिला बचत गटांचेही लक्ष या धंद्याकडे वळले. टाक्या बांधणे, हवेचा पंप बसविणे, खाद्य देणे या गोष्टी लवकर जमतात. अडचण येते ती रोगाची. त्यातही पहिल्या रोगाने खचून कोणी धंदा सोडत नाही. औषध दिले, मासे बरे झाले, वीस दिवसांनी पुन्हा तेच ठिपके, पुन्हा औषध, पुन्हा मर, असे दोन-तीन वेळा झाले की माणूस हात टेकतो आणि टाकीत कडबा किंवा सरपण भरून ठेवतो. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

प्रस्तुत लेखकाचा विषय कृषिविद्या, म्हणजे पिके, तण आणि पाणी. माशांच्या रोगावर त्याने लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु पुन्हा पुन्हा येणारा परोपजीवी आणि पुन्हा पुन्हा उगवणारे तण यांचे वागणे इतके सारखे आहे की, ज्याला तणाचे बी कळले त्याला हा रोग समजण्यास वेळ लागत नाही. उगवणीपूर्व तणनाशक आपण पेरणीनंतर लगेच फवारतो. ते जमिनीत निजलेल्या बियाला काही करीत नाही आणि वीतभर वाढलेल्या तणालाही काही करीत नाही. फक्त कोंब फुटण्याच्या नाजूक वेळी ते लागू पडते. माशांच्या परोपजीवींवरील बहुतेक औषधांचे असेच आहे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

टाकीतील माशांवर सर्वांत जास्त दिसणारा रोग हाच. अंगावर, परांवर व शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. मासे टाकीच्या भिंतीला किंवा तळाला अंग घासतात, पर मिटून बसतात, पुढे खाद्य सोडतात. कल्ल्यांवर लागण झाली असेल तर अंगावर एकही ठिपका नसताना मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात आणि मरतात. या रोगाचे कारण इक्थिओप्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय जीव आहे. मासे पाळणारे त्याला थोडक्यात ‘इक’ म्हणतात.

या जीवाचे तीन मुक्काम आहेत आणि सगळे मर्म त्यातच आहे. पहिला मुक्काम माशाच्या कातडीत. आपल्याला जो ठिपका दिसतो तो कातडीच्या पापुद्र्याखाली बसून माशाच्या पेशी खाणारा जीव असतो. त्याच्यावर कातडीचेच आवरण असल्याने पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो कातडी फोडून पाण्यात उतरतो, तळावर, वाळूवर किंवा पानावर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. हा दुसरा मुक्काम. कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असे विभाजन होऊन शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले तयार होतात. कवचातही औषधाचा फारसा शिरकाव होत नाही. तिसरा मुक्काम म्हणजे ही पिल्ले कवच फोडून मासा शोधत पोहतात तो काळ. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. उघडी असतात ती याच वेळी, आणि मीठ, फॉर्मॅलिन, मोरचूद यांचा मारा त्यांच्यावरच चालतो.

आता नेहमी काय होते ते पहा. औषध टाकले, त्या दिवशी पाण्यात असलेली पिल्ले मेली. माशावरचे ठिपके दोन-तीन दिवसांनी आपोआप गळाले, कारण त्यांची वाढ पूर्ण झाली होती. मालकाला वाटते औषध लागू पडले. प्रत्यक्षात गळालेला प्रत्येक ठिपका तळाशी जाऊन शेकडो पिल्ले घालीत असतो. ठिपके नाहीसे झाले की औषध बंद केले जाते, आणि औषधाची खरी गरज नेमकी त्याच दिवसापासून असते.

हे चक्र किती दिवसांत फिरते ते पाण्याच्या तापमानावर ठरते. पाणी २४-२५ अंश सेल्सिअस असेल तर साधारण चार ते सहा दिवसांत एक फेरा पूर्ण होतो. १५ अंशांच्या आसपास त्याला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. त्याहून थंड पाण्यात तो आणखी लांबतो. पाणी सतत ३० अंशांच्या वर राहिले तर त्याची वाढ बहुधा खुंटते. म्हणून उन्हाळ्यात चार दिवसांच्या औषधाने भागले म्हणून हिवाळ्यातही चार दिवसच औषध देणे चुकीचे आहे. थंडीत रोग सावकाश चालतो, म्हणून उपायही जास्त दिवस चालवावा लागतो.

नागपूरची थंडी आणि उघडी टाकी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो याची सर्वांना सवय आहे. थंडीकडे मात्र दुर्लक्ष होते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. एरवीही डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ आणि पहाटे १०-१२ अंश हा फरक नेहमीचा आहे. तलावातील पाण्याचे आकारमान मोठे, त्यामुळे त्याला हा फरक जाणवत नाही. दोन फूट पाण्याची उघडी टाकी मात्र रात्रभरात पुष्कळ थंड होते. तापमान असे एकाएकी उतरले की माशाची प्रतिकारशक्ती आणि अंगावरच्या बुळबुळीत थराचे संरक्षण दोन्ही कमी पडतात, आणि दबून बसलेला इक डोके वर काढतो.

बरेचदा आपण स्वतःच ही थंडी टाकीत ओततो. घराच्या छतावरील प्लास्टिकच्या टाकीतील पाणी रात्रभर उघड्यावर गारठलेले असते. सकाळी सातला नळी लावून त्याच पाण्याने अर्धी टाकी बदलली जाते. याऐवजी थंडीत पाणी दुपारी बदलावे आणि शक्यतो विहिरीतून ताजे उपसलेले घ्यावे. विहिरीचे पाणी थंडीत हाताला कोमट लागते हे आपण जाणताच. ते फवाऱ्याने किंवा उंचावरून पाडून घ्यावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. महानगरपालिकेचे नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी ते किमान एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन उडू द्यावे. सायंकाळी टाकीवर गोणपाट किंवा प्लास्टिक कागद आडव्या बांबूंवर अंथरावा, बाजूने हवेला वाट ठेवावी आणि सकाळी ऊन आल्यावर तो काढावा. एकदम एकतृतीयांशापेक्षा जास्त पाणी बदलू नये.

ठिपका पाहिला की औषध नको

गोल्डफिशचा नर माजावर आला की त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या पुढच्या पराच्या काडीवर बारीक पांढरे दाणे येतात. ते प्रजननाचे लक्षण असून रोग नव्हे. हे दाणे फक्त त्या दोन जागी, रांगेने आणि सारख्या आकाराचे असतात. मासा खातो-पितो, अंग घासत नाही. इकचे ठिपके शेपटीवर, पाठीवर, कोठेही विखुरलेले असतात व एक-दोन दिवसांत वाढत जातात. ऐन प्रजननाच्या हंगामात निरोगी नरांना औषध पाजून पैदास घालविणे परवडणारे नाही.

खात्री करावयाची तर गावच्या शाळेतील सूक्ष्मदर्शकही पुरतो. आजारी माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडून, एक थेंब टाकीचे पाणी घालून पाहावा. गोल, संथपणे फिरणारा आणि पोटात घोड्याच्या नालेसारखा आकार असलेला जीव दिसला की तो इक.

मिठाचा उपाय आणि हिशेब

साधे मीठ हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते घरगुती संगोपनासाठी पहिला उपाय आहे. गोल्डफिश, कोई, गप्पी, मोली हे मासे मीठ चांगले सोसतात. खवले नसलेल्या माशांना व पाणवनस्पतींना ते मानवत नाही. प्रमाण दर लिटरला २ ते ३ ग्रॅम. जनावरांना चाटावयास देतात ती खनिजमिश्रित वीट वापरू नये.

डोस चुकतो तो बहुधा पाणी मोजण्यात. समजा टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि तीत ०.६ मीटर पाणी आहे. ३ × २ × ०.६ = ३.६ घनमीटर, म्हणजे ३,६०० लिटर. दर लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ७ किलो २०० ग्रॅम मीठ लागेल. ते बादलीत विरघळवून तीन हप्त्यांत, दिवसभरात घालावे. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे प्रमाण १० ते १४ दिवस कायम ठेवावे, थंडीत तीन आठवड्यांपर्यंत न्यावे. शेवटचा ठिपका गेल्यावर मोजणी थांबवू नये.

येथे एक गफलत हमखास होते. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. उन्हाने कमी झालेल्या पाण्याची भरपाई करताना पुन्हा मीठ घालावयाचे नाही. तळाचा गाळ काढताना जेवढे पाणी बाहेर गेले, तेवढ्यापुरतेच मीठ घालावे. वरील टाकीतून ९०० लिटर पाणी काढले तर नव्या ९०० लिटरसाठी १ किलो ८०० ग्रॅम पुरे. तळाचा गाळ मात्र एक दिवसाआड नळीने ओढून काढावाच. कवचात बसलेला जीव त्या गाळात असतो, आणि हे काम औषधाइतकेच मोलाचे आहे.

हे काढलेले पाणी कोठे सोडावे, याविषयी एका कृषिविद्येच्या माणसाने न बोलणे बरे नाही. माशांच्या टाकीतील पाणी खतासारखे असते म्हणून ते झाडांना देण्याची पद्धत चांगली आहे. परंतु दर लिटरला २ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याची विद्युतवाहकता ३ डेसीसायमनच्या वर जाते. संत्रा हे क्षार आणि क्लोराइड न सोसणारे झाड. भारी काळ्या जमिनीत निचरा कमी, शिवाय सोडियममुळे माती बसून जाते. तेव्हा मीठ चालू असेपर्यंत टाकीचे पाणी संत्र्याच्या आळ्यात, रोपवाटिकेत वा भाजीच्या वाफ्यात सोडू नये. ते पडीक जागेतील शोषखड्ड्यात घालवावे. याच कारणाने शेततळ्यात मिठाचा उपाय करू नये. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. दर लिटरला एक ग्रॅम म्हटले तरी २२ क्विंटल मीठ लागेल, आणि मग ते पाणी ओलितासाठी वाया गेले असेच समजावे.

मिठाने आटोक्यात न आल्यास फॉर्मॅलिन वापरता येते. प्रमाण १,००० लिटरला १५ ते २५ मिलिलिटर. वरील टाकीला ५४ ते ९० मिलिलिटर. एक दिवसाआड तीन ते चार वेळा द्यावे, प्रत्येक वेळी आधी थोडे पाणी बदलावे. फॉर्मॅलिन पाण्यातील प्राणवायू कमी करते. म्हणून हवेचा पंप चालू ठेवल्याशिवाय, किंवा वीज जाण्याची वेळ असताना ते देऊ नये. उन्हाळ्यात कमी प्रमाण धरावे. बाटलीत पांढरा साका दिसला तर ते औषध वापरू नये, तो साका माशांना अधिक विषारी असतो. माणसालाही फॉर्मॅलिन घातक आहे. हातमोजे घालून, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करावे. पोटॅशियम परमँगनेटबरोबर ते कधीही मिसळू नये.

मोरचूद बोर्डो मिश्रणामुळे संत्रा बागायतदारांच्या घरात असतेच. माशांसाठी त्याचे प्रमाण पाण्याच्या एकूण विम्लतेवर ठरते. विम्लतेच्या आकड्याला १०० ने भागले की १,००० लिटरला किती ग्रॅम मोरचूद ते मिळते. २०० विम्लतेच्या पाण्याला २ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला ७.२ ग्रॅम. विम्लता ५० पेक्षा कमी असेल तर मोरचूद वापरूच नये, आणि कितीही जड पाणी असले तरी २.५ ग्रॅमच्या वर जाऊ नये. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात विहिरीच्या पाण्याचा डोस दिला तर सकाळी सगळे मासे तरंगताना दिसतील. पाणी तपासून घेतल्याशिवाय या उपायाच्या वाटेला न गेलेले बरे.

माशांची ऊ

टाकीपेक्षा शेततळ्यात आणि तलावात जास्त त्रास देणारा परोपजीवी म्हणजे आरगुलस, माशांची ऊ. ही डोळ्यांना दिसते. चपटी, गोल, अर्धपारदर्शक, ५ ते १० मिलिमीटरपर्यंत. माशाच्या अंगावर सरकते, नळीसारखी सोंड खुपसून रक्त व शरीरद्रव शोषते. जेथे ती चावते तेथे लाल ठिपका उमटतो आणि त्या जखमेतून जिवाणू व बुरशी शिरतात. मासे पाण्याबाहेर उड्या मारू लागले, काठाला अंग घासू लागले की जाळे टाकून तपासावे. गोल्डफिश व कोईवर ती पडतेच, पण भारतीय प्रमुख कार्प माशांपैकी रोहूला तिचा त्रास विशेष होतो.

हिच्या परत येण्याचे कारण वेगळे आहे. मादी अंडी घालण्यासाठी मासा सोडून जाते आणि पाण्यातील कडक पृष्ठभागावर, म्हणजे दगड, लाकूड, काच, भिंत यांवर, ओळीने अंडी चिकटवते. उन्हाळी पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत फुटतात, थंडीत महिना-दीड महिना तशीच राहू शकतात. कोणतेही नेहमीचे औषध या अंड्यांना मारीत नाही. म्हणून आज ऊ मेली तरी दोन आठवड्यांनी नवी पिढी हजर.

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव आणि लहान बोड्या आहेत. बोडी उन्हाळ्यात आटते, तळाला भेगा पडतात, ऊन लागते. कोरड्या पडलेल्या तळात उवेची अंडी टिकत नाहीत. शेततळ्याचे तसे नाही. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे पाणी टिकविण्यासाठीच केलेले असते आणि ते वर्षानुवर्षे पूर्ण कोरडे पडत नाही. शिवाय अस्तराचा गुळगुळीत, टणक कागद म्हणजे उवेला अंडी घालण्यासाठी चारही बाजूंनी तयार केलेली भिंतच. अस्तराच्या शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनी हा मुद्दा विसरू नये. दोन-तीन वर्षांतून एकदा मे महिन्यात, संत्र्याच्या ओलिताला पाणी वापरून झाल्यावर, तळे पूर्ण उपसून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावे. अस्तर खराट्याने घासून घ्यावे. कोरडे अस्तर फार दिवस उघडे ठेवल्यास ते उन्हाने खराब होते, म्हणून जास्त लांबवू नये.

ज्यांना तळे उपसणे शक्य नाही त्यांच्यासाठी एक बिनखर्चाचा उपाय आहे. उवेला अंडी घालण्यासाठी आपणच जागा द्यावी आणि ती जागा अंड्यांसकट उचलून न्यावी. बांबूचे तट्टे, जुन्या फळ्या किंवा कौले दोरीने बांधून काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात टांगावीत. दर आठवड्याला ती बाहेर काढून कडक उन्हात दोन दिवस वाळवावीत आणि दुसरी टांगावीत. आठवड्याचा नेम महत्त्वाचा. तट्टे तीन आठवडे पाण्यात विसरून राहिले तर आपण उवेची रोपवाटिकाच चालविली असे होईल. शेतकरी कामगंध सापळे लावून त्यातील वडी वेळेवर बदलावयाचे विसरतात, त्यातलाच हा प्रकार.

टाकीतील मोजक्या माशांवर ऊ असेल तर मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने ती काढावी. नंतर मासा २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटरला २०० ते ३०० ग्रॅम, बुडवून ठेवावा व समोर बसून पाहावे. मासा तोल सोडू लागताच, मग ते एका मिनिटात का होईना, लगेच साध्या पाण्यात घ्यावा. उठून चहा घेऊन येण्याइतका वेळ यात नाही.

कीटकनाशकाचा डबा दूर ठेवावा

ऊ ही कवचधारी, किडीची नातेवाईक. त्यामुळे कपाशीवरील कीटकनाशक थोडेसे टाकले तर ती मरेल, असा विचार मनात येतो आणि ती मरतेही. जुन्या पुस्तकांत गॅमॅक्झिन, ट्रायक्लोरफॉन, डायक्लोरव्हॉस यांचे डोस छापलेले आढळतात. बीएचसीवर भारतात १९९७ साली बंदी आली, आणि ट्रायक्लोरफॉन व डायक्लोरव्हॉस यांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद करण्यात आला. तेव्हा जुन्या पुस्तकाचे ते पान आता उपयोगाचे नाही. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. उवेला मारणारी मात्रा आणि माशाला मारणारी मात्रा यांत अंतर इतके थोडे की फवारणी पंपाच्या झाकणाने मोजून टाकणे म्हणजे जुगार. मोजमाप बरोबर साधले तरी पुढे काय होते ते विदर्भाच्या कापूस उत्पादकाला सांगावयास नको. याच गटातील औषधे अमेरिकन बोंडअळीवर एके काळी रामबाण वाटली होती. नॉर्वेतील सामन मत्स्यपालकांनाही हाच अनुभव आला. तेथील सागरी उवा एकामागून एक औषधांना सरावल्या. त्यांत खाद्यातून दिले जाणारे एमामेक्टिनही आले. आपल्याकडे बोंडअळीसाठी मिळणारी एमामेक्टिनची पुडी हे माशांचे औषध नव्हे.

शेततळ्यातील मासा शेवटी कोणाच्या तरी ताटात जातो. मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग इकवर फार गुणकारी म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो कर्करोगाला कारणीभूत होण्याचा संशय असल्याने खाण्याच्या माशांत त्याला मनाई आहे. ज्या टाकीचे पाणी वा जाळे पुढे खाण्याच्या माशांकडे जाते, तेथे तो आणूच नये. फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. तरी तो धुतला जातोच, म्हणून सांगितले.

कल्ल्यातील कृमी

थोडक्यात दोन जाती. गायरोडॅक्टिलस मुख्यत्वे अंगावर असतो आणि जिवंत पिल्ले देतो. डॅक्टिलोगायरस कल्ल्यांत राहतो आणि अंडी घालतो. प्राझिक्वांटेल हे औषध १,००० लिटरला २ ते ५ ग्रॅम प्रमाणात दोन्हींवर चालते. पहिल्याला बहुधा एक मात्रा पुरते. दुसऱ्याची अंडी वाचतात, म्हणून ती फुटल्यावर, म्हणजे साधारण आठवड्याने, दुसरी मात्रा द्यावीच लागते. कोणता कृमी आहे हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. अंदाजाने औषध देणाऱ्यांचा निम्मा पैसा येथे वाया जातो.

नवा मासा, जुनी टाकी

देशात शोभिवंत माशांची पैदास कोलकाता आणि चेन्नई परिसरात मोठ्या प्रमाणावर होते. तेथून निघालेला मासा प्लास्टिकच्या पिशवीत, ऑक्सिजनवर, दाटीवाटीने प्रवास करून येतो. थकलेल्या माशावर रोग लवकर उठतो. पण नवा मासा आणल्यावर नेहमीच तो रोग घेऊन आला असे समजू नये. इकमधून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते. त्यांच्या कल्ल्यांत एखाद-दुसरा जीव राहिला तरी बाहेरून ते ठणठणीत दिसतात. अशा टाकीत प्रतिकारशक्ती नसलेला नवा मासा सोडला की तो आठ दिवसांत ठिपक्यांनी भरतो आणि दोष दुकानदाराला लागतो. जुने मासे निरोगी आणि फक्त नवेच मरतात, असे दोनदा घडले तर रोग आपल्याच टाकीत आहे असे धरून चालावे. त्या टाकीतील सर्व माशांवर एकदम पूर्ण मुदतीचा मिठाचा उपाय करावा.

एखादी टाकी माशांविना ठेवता आली तर अधिक चांगले. २५ अंशांच्या पाण्यात मासा न मिळाल्यास इक आठवडाभरात संपतो, थंडीत त्यासाठी तीन-चार आठवडे द्यावेत. उवेसाठी केवळ रिकामी ठेवणे पुरत नाही, टाकी कोरडी करून वाळवावी लागते.

नव्या माशांसाठी घराच्या दुसऱ्या बाजूला एक लहान टाकी कायमची राखून ठेवावी. त्यात मासे किमान २१ दिवस, थंडीत महिनाभर ठेवावेत. नवे मासे वेगळे ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण जाळी आणि बादली मात्र एकच असते. ओल्या जाळीवरून, हातावरून, पाणवनस्पतीच्या पानावरून, नाल्यातून आणलेल्या जिवंत खाद्याच्या पाण्यातून परोपजीवी सहज जातात. त्या टाकीची जाळी वेगळी असावी व वापरल्यावर उन्हात पूर्ण वाळवावी. रोजचे काम निरोगी टाकीपासून सुरू करून आजारी टाकीवर संपवावे. कोईची उरलेली पिल्ले शेततळ्यात अगर गावतलावात सोडण्याची सवय बंद करावी. गोल्डफिशवरची ऊ रोहूपर्यंत पोहोचण्याचा तो सरळ रस्ता आहे.

तपासणीसाठी नमुना

नागपूर येथे २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. निदानासाठी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जाताना मेलेला मासा फडक्यात बांधून नेऊ नये. मासा मरताच इक आणि ऊ त्याला सोडून जातात व कल्ले कुजू लागतात. लक्षणे दिसत असलेले दोन-तीन जिवंत मासे त्यांच्याच टाकीच्या पाण्यात, पिशवीचा तृतीयांश भाग पाणी व बाकी हवा ठेवून, सकाळच्या थंड वेळी न्यावेत. वेगळ्या स्वच्छ बाटलीत टाकीचे एक लिटर पाणी घ्यावे. कागदावर टाकीचे माप, सकाळचे व दुपारचे पाण्याचे तापमान, शेवटचा नवा मासा कोणत्या तारखेला सोडला आणि कोणते औषध किती व केव्हा टाकले, एवढे लिहून न्यावे. नमुना काढण्यापूर्वी निदान तीन दिवस टाकीत कोणतेही औषध घातलेले नसावे.